झावळ्यांच्या रविवारचं रेशीम

एलीम, सॅव्हाना नदीकाठ, जॉर्जिया
जून १७४९

प्रिय लोरेन्झ,

तुझं पत्र थंडी संपता संपता आलं आणि मी उत्तराला बसले आहे ती आता, उन्हाळा लागल्यावर. एव्हाना तू मनात दहादा म्हणाला असशील, मास्तरीण रुसली. रुसले नव्हते रे. तू नदीपलीकडे कॅरोलिनात घर बांधलंस, काचेच्या खिडक्या बसवल्यास, माझ्याशी लग्न करून मला तिथं न्यायचं म्हणतोस, आणि माझे हात पाण्यात जाऊ नयेत म्हणून घरकामाला एक बाई आणि शेताला एक माणूस आणणार आहेस. एवढं सगळं वाचल्यावर एका ओळीत 'हो' किंवा 'नाही' लिहून होडीवाल्याच्या हाती देणं मला जमलं नाही. शिवाय तू खाली लिहिलं होतंस की या उष्ण मुलखात आपल्यासारख्यांच्या हातून काही पिकत नाही, कॅरोलिनाला हे कधीच कळलं, जॉर्जियाला उशिरा कळतंय इतकंच. ते मला लागलं. मी मनाशी ठरवलं, यंदा रेशमाच्या कोषांतून धागा आमच्या हातांनी निघाला नाही तर तुझंच खरं मानायचं आणि गप्प तुझ्या घरी यायचं. निघाला तर मग माझं म्हणणं तुला ऐकावं लागेल. म्हणून एवढे दिवस गेले. आधी बातम्या ऐक.

बाबा बरे आहेत. खाणीत मोडलेला गुडघा पावसाळी हवेत कुरकुरतो, पण सुतारकामाची खटपट चालूच असते. तुझ्या खिडक्यांचं त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "त्याला लिही, काचेतून जेवढं दिसतं तेवढंच आमच्या खिडकीच्या तेलकट कागदातूनही दिसतं. फक्त जरा अंदाजाने." अनाथघरातल्या धाकट्या मुलांना अजून मीच अक्षरं शिकवते. आमच्या घराण्यात शाळा पुरी केलेली मी पहिली, हे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला अजून ऐकवतात. परवा फळ्या न्यायला आलेल्या होडीवाल्यालाही ऐकवलं. त्या बिचाऱ्याला आपली भाषा येत नाही. त्याला वाटलं, फळ्यांचा भाव वाढला. तो हात जोडून घासाघीस करायला लागला.

आता रेशमाकडे येते. मागच्या उन्हाळ्यात मला आणि रोझिनाकाकूंना सॅव्हाना गावी पाठवलं होतं, कोषाचा धागा काढायला शिकण्यासाठी. रोझिनाकाकू तुला आठवत असतीलच, भट्टीवाल्या, ज्यांनी तुला पाव पळवताना पकडून वर आणखी एक पाव दिला होता. धागा काढण्याची विद्या तिथं एकाच इटालियन बाईला येते, फिओरेत्ताबाई तिचं नाव. वसाहतीने तिला शिकवण्यासाठी नेमलंय आणि तिला शिकवायचं नाही. तिचीही चूक म्हणवत नाही, सगळ्यांना आलं तर तिला कोण विचारणार? ती आमच्याकडे पाठ करून बसायची. घंगाळातलं पाणी तापलं, कोष त्यात नाचायला लागले, काटक्यांच्या झाडूने तिने धाग्यांची टोकं उचलली, इतकं दिसायचं. मग ऐन मोक्याला म्हणायची, "जा, लाकडं आण." काकू लाकडं आणायच्या. "जा, पाणी आण." मी पाणी आणायची. परत येऊन बघावं तर रहाटावर धागा सोन्यासारखा फिरतोय. संध्याकाळी खोली पुसायचं काम मात्र न चुकता माझ्याकडे. काकू परतीच्या वाटेवर म्हणाल्या, "शिकलो काय आपण? मी मोलकरीण झाले आणि तू मोलकरणीची मदतनीस."

त्या खोलीच्या दारावर वसाहतीचा शिक्का रंगवलेला होता. तुतीचं पान, त्यावर रेशमाचा किडा, शेजारी कोष, आणि खाली लॅटिनमध्ये 'स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्यांसाठी'. मला वाचता आलं म्हणून मी काकूंना अर्थ सांगितला, जरा अभिमानानेच. आपल्यासारख्या, श्रद्धेपायी मायदेशातून घालवून दिलेल्या माणसांसाठी कुणी असं ब्रीद घेऊन राज्य वसवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं, हे तुला ठाऊक आहे. काकूंनी उकळत्या घंगाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. किड्याला विचारलं होतं का कुणी?" मी हसले तेव्हा. मग ते वाक्य सगळा हिवाळा माझ्या डोक्यात राहिलं.

या वसंतात तुतीचे अंकुर फुगायला लागले तशा घरोघरच्या बायकांनी किड्यांच्या अंड्यांच्या पिशव्या गळ्यात घातल्या. अंगाची ऊब मिळाली की अंडी फुटतात, आणि तोवर पानं तयार व्हायला हवीत, असा तो हिशेब. सगळं नीट चाललं होतं. आणि ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारला दोन दिवस असताना कडाक्याचं हिव पडलं. तुतीचे अंकुर काळेठिक्कर. आता पानं यायला आणखी वेळ लागणार, म्हणजे पिशव्या काढून विहिरीच्या गारव्यात ठेवायला हव्यात. हे शहाणपण आम्हाला सुचलं कधी, तर रविवारी सकाळी, उपासनेची घंटा वाजत असताना. आणि रविवारी काम करायचं नाही. दारात उभं राहून बायकांची मोठी चर्चा झाली. शेवटी काकूंनी निवाडा दिला, "पिशवी काढून विहिरीत सोडणं हे काम. गळ्यात राहू देणं हे काम नव्हे. यात मोशेलाही खोट काढता येणार नाही." झालं. सगळ्या जणी पिशव्यांसकट आत जाऊन बसल्या.

हिव पडून गेल्यावर इथे ऊन कसं तापतं, तुला माहीत आहे. खोली माणसांनी गच्च. आमचे पाद्रीबाबा त्या दिवशी रंगात आले होते. येरुशलेमच्या वेशीपर्यंत पोचायलाच त्यांना इतका वेळ लागला की माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. ते येशू बसला त्या गाढवाच्या शिंगराचं वर्णन करत होते आणि माझ्या छातीवर काहीतरी हुळहुळलं. मी श्वास धरला. शेजारची बाई शहारली. पलीकडची चुळबुळली. पुढच्या बाकावरची एक नवी नवरी फिस्सकन हसली आणि तिच्या सासूने तिच्याकडे रागाने बघता बघता स्वतःच टुणकन उडी मारली. मग काकू उठून उभ्या राहिल्या. पाद्रीबाबा थांबले. "काय झालं, रोझिना?" काकू शांतपणे म्हणाल्या, "पाद्रीबाबा, तुमच्या प्रवचनाने जीव जागे झाले," आणि चालू लागल्या. त्यांच्यामागे आम्ही सगळ्या, छातीशी हात धरून, रांगेने. पुरुषांना वाटलं, आग लागली. बाबांना मात्र कळलं. ते इतके हसले की त्यांना बाहेर आणून पाणी पाजावं लागलं.

हसू तेवढ्यापुरतंच. काळ्या मुंग्यांएवढे ते किडे, हजारो, आणि गावात एक हिरवं पान नाही. पान मिळालं नाही तर एका दिवसात सगळे मरणार, आणि यंदाचं रेशीम तिथंच संपणार. ही वसाहत चालवणाऱ्या लंडनच्या विश्वस्तांना आम्ही लिहून बसलो होतो की यंदा आम्ही धागा काढून दाखवू, गुलामांवाचून. कॅरोलिनाकडे बोट दाखवणारे इथेही खूप झालेत, लोरेन्झ. इथली गुलामबंदी उठवा म्हणून ते अर्जावर अर्ज पाठवताहेत. त्यांच्या हातात आम्ही आयता पुरावा देणार होतो. मी खरंच रडायच्या बेतात होते. तेवढ्यात बाबा लंगडत आले आणि म्हणाले, "रोझिनाच्या भट्टीच्या भिंतीला टेकलेली ती वाकडी तुती बघितली का कुणी?" आम्ही धावलो. भिंतीच्या उबेने त्या एका झाडाला हिव बाधलं नव्हतं. कोवळी, ओलसर, नखाएवढी पानं.

एक झाड आणि सगळ्या गावाचे किडे. मग जे भांडण झालं ते तुला तिकडे ऐकू आलं नाही याचं मला नवल वाटतं. दरवर्षी ज्याचे किडे त्याच्या घरी, ज्याचे कोष त्याला बक्षीस. "माझ्या दोन चटया आहेत, मला दोन वाटे." "तुझे किडे आधीच अर्धमेले आहेत, त्यांना कशाला?" "माझ्या नवऱ्याने हे झाड लावलं!" "तुझ्या नवऱ्याने बाभळीएवढं वाकडं लावलं!" शेवटी काकूंनी भट्टीच्या दारात आडवं लाकूड लावलं. "झाड माझ्या भिंतीला आहे. ज्यांना पान हवं त्यांनी किडे इथं आणायचे. आत आल्यावर कोणता किडा कुणाचा ते मी ओळखणार नाही, आणि तुम्हीही ओळखणार नाही." कुरकुर करत, एकेक करून, सगळ्यांनी आपापल्या पिशव्या एकाच चटईवर उलट्या केल्या. मी ते पाहिलं तेव्हा माझ्या मनात आलं, आपण या देशात आलो तेव्हा पवित्र पुस्तकात वाचल्यासारखं, सगळं सामाईक ठेवून एकत्र राहायचं ठरवलं होतं, आणि हळूहळू प्रत्येकाने आपापलं कुंपण घातलं. ते कुंपण एका रविवारी या मुंग्यांनी ओलांडलं.

पुढचं सगळं मेहनतीचं. जंगलातल्या तुतींना पालवी फुटली तशी आम्ही पाळ्या लावल्या. पानं पुसून, बारीक चिरून घालायची, चटया साफ करायच्या, किडे कात टाकायला निपचित पडले की कुणी जोरात बोलायचं नाही. मोठे झाल्यावर त्यांची भूक म्हणजे काय सांगू! करवतीची गिरणी बंद ठेवून पुरुष पानं तोडायला गेले. आपल्या शाळेतली मुलं पाढे म्हणता म्हणता पानांचे देठ खुडायची. आणि एके दिवशी किड्यांनी खाणं सोडलं, काटक्यांवर चढले, आणि भट्टीचं घर पिवळ्या कोषांनी भरून गेलं.

मग घंगाळ चुलीवर चढलं आणि माझा धीर खचला. धागा निघत होता, पण चपटा आणि चिकट. रहाटावर सुकला की लड कडक व्हायची, उलगडायला गेलं की तुटायची. काकू म्हणाल्या, "हे रेशीम नव्हे, ही जोड्याची वादी आहे." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्यांदा तेच. खोटं कशाला सांगू, मी चुलीमागे जाऊन बसले आणि तुझ्या घराचा विचार केला. पीचची झाडं, सावलीची ओसरी, मी पुस्तक घेऊन बसलेली, हात कोरडे. तो विचार वाईट नव्हता. तुझ्याबरोबर असण्याचा विचार कधीच वाईट नव्हता.

आणि उठताना माझा पाय ओल्या फळीवर घसरला. आमच्याकडे पाणी घंगाळाखाली सांडलं होतं. मी तशीच उभी राहिले. फिओरेत्ताबाईची खोली मी सगळा उन्हाळा पुसली होती, लोरेन्झ. तिच्याकडे घंगाळाखालची जमीन जवळजवळ कोरडी असायची. ओलं असायचं ते मधे, घंगाळ आणि रहाट यांच्या बरोबर मधे, कुणी केस पिळावे तसे शिंतोडे. म्हणजे धाग्यातलं पाणी तिथं, हवेत, निघत होतं. काहीतरी त्याला तिथं पिळत होतं. तिथं तर काहीच नव्हतं, रहाटाकडे जाणाऱ्या दोन धाग्यांशिवाय! मी काकूंना म्हटलं, "हे दोन धागे एकमेकांना वेढे घालून मग वेगळे न्या." त्या म्हणाल्या, "गुंता होईल, पोरी." मी म्हटलं, "होऊ दे." वेढे घातले, रहाट फिरवला, आणि मधोमध पाण्याचे बारीक शिंतोडे उडायला लागले. दोन्ही धागे एकमेकांवर घासून गोल होत होते, सुकत होते. काकूंनी लड हातात घेतली, गालाला लावली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना टोमणा सुचला नाही.

आता सांगते, आम्ही काढलेल्या लडी सॅव्हानाला गेल्या आणि चांगल्या ठरल्या. फिओरेत्ताबाईने त्या दिव्यापाशी धरून पाहिल्या म्हणे आणि विचारलं, "ती फरशी पुसणारी का?" माझ्या बोटांची टोकं भाजून लाल झालीत, लिहिताना लेखणी टोचते. पण मी सुखात आहे. हे मी तुला खिजवायला लिहीत नाही, खरंच आहे.

तू पत्रात एक गोष्ट टोचून लिहिली होतीस, तिला उत्तर द्यायलाच हवं. तू म्हणालास, आपण लहानपणी इथे उतरलो तेव्हा आपल्या पहिल्या झोपड्यांच्या फळ्या कुणी कापल्या? कॅरोलिनातून उसन्या आणलेल्या गुलामांनीच ना? मग त्याच फळ्यांखाली झोपून आता सोवळं कशाला? बरोबर आहे. कापल्या त्यांनीच. मी ते विसरले नाही, आणि मी विसरावं असं मला वाटतही नाही. पण तुला त्यांतला तो उंच करवत्या आठवतो का, जो संध्याकाळी नदीकाठी एकटा बसायचा? आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. बाबा एकदा त्याच्याशेजारी जाऊन बसले. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. बाबांनी खुणेने विचारलं, घर कुठे? त्याने समुद्राकडे बोट केलं. मग त्याने बाबांना विचारलं. बाबांनीही समुद्राकडे बोट केलं. दोघांची बोटं एकाच दिशेला. तू आणि मी मागे उभे राहून पाहत होतो. परवा मी बाबांना याची आठवण करून दिली तर म्हणाले, "आपल्याला त्या आर्चबिशपने थंडीत घराबाहेर काढलं, पोरी. पण काढलं, विकलं नाही. रस्त्यावर आल्यावर मी कुठल्या वाटेने जायचं ते माझं मी ठरवलं. त्याला तेवढंही नव्हतं." आपण त्याचं ऋण घेतलं म्हणून आणखी घेत राहावं, असं कुठल्या गणितात बसतं? मला शाळेत असं गणित कुणी शिकवलं नाही.

मी भोळी नाही. एका गावच्या लडींनी लंडन हलणार नाही, हे मला कळतं. दोनेक वर्षांत कायदा बदलेल, नदीच्या या काठावरही तेच सुरू होईल, आणि आपल्यातलेच काही जण पहिल्या दिवशी रांगेत उभे असतील, असं पाद्रीबाबा म्हणतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. ज्यांना जे करायचं ते ते करतील. मी फक्त माझ्या घराचं ठरवू शकते. कायदा काहीही म्हणो, माझ्या घरात विकत आणलेलं माणूस असणार नाही.

तर लोरेन्झ, त्या घरी मी येणार नाही. आमच्या जमिनीला लागून एक तुकडा रिकामा पडलाय, ओढ्याच्या अंगाला, दलदल आहे पण चर काढले तर मका आणि तुती दोन्ही होतील. बाबा म्हणतात, तुझ्यासारख्या सुताराला इथं काम कधी कमी नव्हतं. तू आलास तर मी आनंदाने, अगदी उद्या, तुझ्याबरोबर चर खणायला लागेन. पण हे सांगायला एवढी घाई नव्हती. हे मी सुगीनंतरही लिहिलं असतं. आज लिहिते आहे, कारण परवा फळ्या न्यायला आलेला तो होडीवाला काल खुणांनी आणि चार तोडक्यामोडक्या शब्दांनी सांगत होता की तू महिनाअखेरीला संत योहानाचा सण झाला की चार्ल्सटनला निघणार आहेस, गुलामांचं जहाज लागायच्या वेळी, धक्क्यावरच्या बाजारातून ती बाई आणि तो माणूस विकत आणायला. तो आज परत निघतोय, म्हणजे हे पत्र सणाआधी तुझ्या हाती पडेल. लोरेन्झ, जाऊ नकोस. माझ्यासाठी जात असशील तर मला नको आहेत ते. माझ्यासाठी जात नसशील, माझ्यावर रागावला असशील, दुसऱ्या कुणाशी लग्न करायचं ठरवलं असशील, तरी जाऊ नकोस; तिच्या लग्नाच्या टोपीला मी माझ्या हातची रेशमी फीत पाठवीन आणि मनात काही ठेवणार नाही. मला हरवलंस तरी तू तूच राहशील. त्या धक्क्यावरून परत आलेला माणूस मात्र मला ओळखता येणार नाही, आणि मला तुला ओळखत राहायचं आहे.

तू निघाला नाहीस, हे कळायची वाट पाहणारी,
तुझीच,
आपोलोनिया